जत्रेचं बकरं, माझा ऑनलाइन चाकू आणि चाचांची सुरी

आधीच सांगतो, मी खाटीक नाही की शिकारी नाही, पुण्यात लॅपटॉपसमोर बसून पोट भरणारा माणूस आहे. पण गाव माण तालुक्यातलं, आणि आमच्याकडं चैत्रात जत्रा असते, पहिल्या दिवशी गोडा निवद, दुसऱ्या दिवशी खारा. खाऱ्या दिवशी आमच्या भावकीतच पाच-सहा बकरी पडतात. लहानपणापासून बघत आलोय, पण बघणं म्हणजे काय तर कडेला उभं राहून काळीज निखाऱ्यावर कधी पडतंय याची वाट बघणं. हातात सुरी पहिल्यांदा घेतली ती वयाच्या बत्तिसाव्या वर्षी आणि ती पण चुकीची.

झालं असं की त्याच्या आदल्या वर्षी मला चाकूंचा नाद लागलेला. रात्री जेवण झालं की व्हिडिओ, तिकडं अमेरिका-कॅनडात लोकं हरीण मारतात आणि जंगलातच सोलून तुकडे करून पिशवीत भरून आणतात, ते बघत बसायचो. आपल्याकडं शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद, आणि मला करायची पण नव्हती, पण चाकू तर घेऊ शकतो ना. मग मागवला एक. बारा इंची पातं, काळा रंग, पाठीवर करवतीसारखे दाते, आणि मूठ पोकळ, तिचं झाकण फिरवून उघडलं की आत काड्यापेटीच्या काड्या, गळ, दोरा आणि झाकणावर होकायंत्र. बॉक्स उघडला तेव्हा बायको नुसती बघत राहिली, म्हणली, ह्यानं भाजी चिरणार आहेस का.

जत्रेला तो घेऊन जायचं ठरवलं खरं, पण दहिवडीच्या गाडीत बसलो आणि पोटात गोळा आला. पुण्यात तेव्हा रोज पेपरात कोयता गँगच्या बातम्या. मोबाइलवर शोधलं तर कळलं की शस्त्रांच्या नियमात ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पातं असलं की ते हत्यार धरतात, घरकामाचं किंवा शेतीकामाचं अवजार असेल तर ते त्यातून सोडलंय. म्हणजे काकांचा कोयता शेतीचा, बकरी कापणाऱ्या चाचांचा सत्तूर धंद्याचा, आणि माझा बारा इंची काळा चाकू कशाचा? होकायंत्र दाखवून काय सांगणार होतो मी पोलिसाला? फलटण येईपर्यंत बॅग मांडीवर घट्ट धरून बसलेलो.

आमच्याकडं बकरं कापायचं काम मुलाणी चाचांचं. त्यांच्या वडिलांनी आमच्या आजोबांची कापली, हे आमची कापतात. पहाटे सहाला ते सायकलवरून आले, हँडलला गोणपाटाची एक गुंडाळी बांधलेली. मी मोठ्या हौसेनं माझा चाकू म्यानातून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटा केला, सुलटा केला, अंगठा धारेवर आडवा फिरवला, मग मुठीचं झाकण फिरवून होकायंत्र बघितलं.

"ह्ये कशाला रं?"

"दिशा कळायला, चाचा."

"बकरं पळून गेल्यावर हुडकायला व्हय?"

सगळी भावकी हसली. आजही हसते.

मग त्यांनी गोणपाट सोडलं. आत तीनच वस्तू. एक लांब पातळ सुरी, ती फक्त हलाल करायची, दुसऱ्या कशाला वापरत नाहीत. एक बारकी सुरी, मूळची किती मोठी होती कुणास ठाऊक पण वर्षानुवर्षं घासून घासून पातं करंगळीएवढं अरुंद राहिलेलं, लांबी जेमतेम पाच इंच. आणि एक सत्तूर, चौकोनी, पाठीला जाड, काळपट, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. मी मनात म्हणलं, एवढ्यावर पाच बकरी?

एक गोष्ट तेव्हा पहिल्यांदा लक्षात आली. चाचांनी धार लावायचं काम बकऱ्यापासून लांब, गोठ्याच्या मागं जाऊन केलं, आणि येताना सुरी पाठीमागं धरून आले. त्यांच्यात तशी रीतच आहे, जनावराला पातं दिसू द्यायचं नाही आणि त्याच्यासमोर घासायचं नाही. बकरं आडवं केलं, चाचांनी अल्लाचं नाव घेतलं आणि एका ओढीत झालं. गळ्याची नळी, अन्नाची नळी आणि दोन्ही बाजूच्या रक्ताच्या शिरा, एवढंच, मान तोडायची नाही, रक्त पूर्ण जाऊ द्यायचं. ती लांब सुरी लांब का असते ते तिथं कळतं, करवतीसारखं पुढंमागं करायला लागू नये म्हणून. मला इथं काही करायचं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मी तेव्हा दुसरीकडंच बघत होतो.

मागच्या पायाच्या टाचेवरच्या शिरेत भोक पाडून, त्यातून दोरी ओवून बकरं लिंबाच्या फांदीला उलटं टांगलं. काळं उस्मानाबादी, जिवंत वजन साधारण सत्तावीस किलो. चाचांनी पायाजवळ कातड्याला बारकी चीर दिली आणि आमच्या चुलत्यानं तिथं सायकलचा पंप लावला! हवा भरली की कातडं मांसापासून सुटतं, आधी म्हणे तोंडानं फुकायचे. जनावर गरम असतानाच हे सगळं उरकायचं, गार झालं की कातडं चिकटून बसतं आणि मग ताकद घालवत बसा.

"हं, या इंजिनेर, आता तुमचा चाकू," चाचा म्हणले.

मागच्या पायाच्या आतल्या बाजूनं कातड्याला उभी चीर द्यायची होती. आता कागदावर सोपंय. पण माझ्या चाकूचं टोकच एवढं जाड की ते कातड्यात जाईना, दाबलं तर एकदम गेलं आणि खाली मांसात पण दोन बोटं गेलं. मग पुढं सरकवायला गेलो तर बारा इंचाचं टोक कुठं चाललंय ते मला दिसतच नव्हतं, माझा हात इकडं आणि टोक तिकडं. त्यात पाठीवरच्या दात्यांत केस अडकायला लागले, आणि तेच केस मांसाला लागले. हे सगळ्यात वाईट. बोकडाच्या केसाला जो वास असतो तो मटणाला एकदा लागला की कितीही धुवा, रश्श्याला येतोच. चाचांनी माझा हात धरून बाजूला केला, आणि त्यांची बारकी सुरी दिली.

"धार कातड्याकडं. मासाकडं न्हाय. आन् डावा हात कातड्याचा, उजवा मासाचा, अदलाबदल करायची न्हाय."

आणि मग त्यांनी करून दाखवलं तर काय, सुरी नुसती सुरुवात करायला. चीर दिली, कडा सोडवली, आणि बाकी सगळं मुठीनं. डाव्या हातानं कातडं खाली ओढायचं आणि उजवी मूठ आवळून कातडं आणि मांस यांच्यामधून ढकलत न्यायची, रजईच्या खोळीतून रजई काढतो तशी. सुरी दातात नाहीतर दोन बोटांत, मध्ये कुठं अडलं तर एक टोचणी. दहा-बारा मिनिटांत कातडं शर्ट काढल्यासारखं मुंडीपर्यंत खाली, आणि त्याच्यावर एक भोक नाही. मी जो एक पाय सोललेला त्याच्यावर चार भोकं होती. चाचा म्हणले, कातडं विकायचं असतं तर तुझ्याकडनं पैसं घेतलं असतं.

पोट फोडायचं काम तर त्यांनी मला दिलंच नाही त्या वर्षी, नुसतं शेजारी उभं केलं. खालनं वर नाही, टांगलेल्या जनावराला वरनं खाली, आधी दोन बोटं जातील एवढंच भोक, मग डाव्या हाताची दोन बोटं आत घालून त्यांच्या मध्ये पातं धरायचं, धार बाहेरच्या बाजूला, आणि बोटांनी वजडी आत ढकलत ढकलत खाली यायचं. आत जे फुगून बसलेलं असतं त्याला टोक लागलं तर सगळा घाण पाला मटणावर. मला तेव्हा माझ्या चाकूच्या पाठीवरचे दाते आठवले. धार बाहेर म्हणजे पाठ आत, म्हणजे ते दाते सरळ आतड्यांवरनं गेले असते! ते दाते काढणाऱ्यानं आयुष्यात बकरं जवळनं बघितलं नसणार, हे माझं ठाम मत आहे.

वजडी, आतडी खाली घमेल्यात आली, ती धुवायला बायकांकडं. काळीज, फोपसं, गुरदे वेगळे. काळजाला चिकटलेली पित्ताची हिरवी बारकी पिशवी, ती चाचांनी काळजाचा थोडा तुकडा सोबत घेऊन कापली. थोडं काळीज गेलं तरी चालेल पण ती फुटली तर सगळं कडू.

इथपर्यंत माझी अब्रू निम्मी गेलेली, राहिलेली तुकडे करताना गेली. मला वाटलं सोलायचं काम बारक्या सुरीचं असेल, पण तोडायला तरी माझं धूड कामाला येईल. चाचा चहाला गेलेले. मी एक मांडी ओंडक्यावर घेतली आणि हाणायला सुरुवात केली. पहिल्या घावाला हाड तुटलं नाही, दुसऱ्याला नळीचा चुरा उडाला, तिसऱ्याला मूठ खुळखुळायला लागली. पोकळ मूठ म्हणजे पातं आत जेमतेम इंचभर गेलेलं, एका नटावर उभं, ते टिकणार कुठून. धारेवर चंद्रकोरीएवढी खाच. तरी मी थांबलो नाही, कारण चारचौघं बघत होते. पाचवा घाव हाडावरनं घसरला आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर आला. दहिवडीला जाऊन तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. येईपर्यंत मटण शिजून पंगत उठलेली, माझ्यासाठी रस्सा आणि दोन फोडी ठेवलेल्या.

संध्याकाळी आप्पा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, बोटाची पट्टी बघून खूप वेळ गप्प होते. मग म्हणले, आम्ही पोरं असताना लोकं डुकराच्या मागं जायची, कुत्री आणि भाले घेऊन, तेव्हा काय आत्तासारखा कायदा नव्हता. "पर कमरंला बारकीच सुरी असायची," म्हणले. मोठं हत्यार मारायला आणि झुडपं तोडून वाट करायला, पुढचं सगळं बारक्या सुरीनं. तिथंच रानात आधी पोट फोडून आतडी काढून टाकायची कारण उन्हात दोन-तीन तासात पोट फुगतं आणि मास नासतं, मग काठीला बांधून दोघांनी घरी आणायचं, आणि हाडं तोडायचं काम घरी ओंडक्यावर. रानात कुणी हाड तोडत बसत नाही, सांध्यातनं सोडवतात. त्या व्हिडिओतल्या कॅनडावाल्यांच्या हातात पण नीट बघितलं तर चार-पाच इंची चाकूच असतो. मी ते शंभर वेळा बघूनही बघितलं नव्हतं.

पुढच्या वर्षीसाठी मी चाचांना विचारलं, सत्तूर कुठनं घेऊ. म्हणले, दुकानातला घेऊ नको, घिसाडी आले की करून घे.

दिवाळीनंतर घिसाडी आमच्या फाट्यावर पालं टाकतात. पालासमोर जमिनीत खड्डा करून भट्टी, भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा, मध्ये ऐरण. मी भंगारातनं ट्रकच्या कमानीचा एक पाटा घेऊन गेलो होतो. चांगल्या अवजाराला पाटाच पाहिजे म्हणतात, कारण त्या लोखंडाला कडकपणा पण असतो आणि लवचिकपणा पण, खड्ड्यातनं ट्रक उचलून घ्यायची त्याला सवय. माणूस सांडशीत पाटा धरून बसलेला आणि घण मारायला त्याची बायको, उभी राहून, डोक्यावरनं. तो बारक्या हातोडीनं ऐरणीवर टिचकी मारून जागा दाखवायचा आणि हिचा घण बरोबर तिथं. टिक, धाड, टिक, धाड. तासभर बोलणं नाही दोघांचं. मी एकदा घण उचलून बघितला, चार घावांत खांदा भरून आला.

सगळ्यात बघण्यासारखं म्हणजे पाणी देणं. आकार झाल्यावर परत लाल केलं आणि फक्त धारेकडचा भाग पाण्यात, पाठ बाहेर. मग लगेच काढून विटेच्या तुकड्यानं धार घासून पांढरी केली आणि बघत बसला. पाठीकडची उष्णता हळूहळू धारेकडं उतरते, आणि पांढऱ्या लोखंडावर रंग यायला लागतो, आधी फिकट पिवळा, मग वाळल्या गवतासारखा, मग तांबूस, मग जांभळा, निळा. सुरीला गवताच्या रंगावर विझवतात, सत्तुराला थोडं पुढं जाऊ देतात, तांबूस झाल्यावर. लवकर विझवलं तर धार कडक राहते पण हाडावर तिचा टवका उडतो, उशीर केला तर मऊ पडते आणि दुमडते. हे सगळं त्यानं मला चार वाक्यांत सांगितलं आणि तेवढ्यात रंग आला, सत्तूर पाण्यात, चर्र. दांडा मुठीच्या आरपार घालून शेवटी ठोकून चपटा केला, बाभळीची मूठ. भरला सव्वा किलो.

तो सत्तूर घेऊन दुसऱ्या वर्षी परत चाचांपुढं. ह्या वेळी त्यांनी अंगठा फिरवला, टिचकी मारून आवाज ऐकला आणि काही न बोलता खाली ठेवला. म्हणजे पास.

धारेचं मला आधी वाटायचं की जेवढी बारीक तेवढी चांगली. सत्तुराला वस्तऱ्यासारखी धार लावली की पहिल्याच हाडाला संपली. त्याची धार जाड ठेवायची, दगडावर पातं जरा उभं धरून. बारक्या सुरीला मात्र दगडावर जवळजवळ निजवून, आणि काम चालू असताना दर पाच-दहा मिनिटांनी सळईवर चार हात. चाचांचा हात तर बोलता बोलता आपोआप जातो तिकडं. बोथट सुरीनं माणूस जोर लावतो आणि जोर लावला की सुरी घसरते, माझ्या तर्जनीला विचारा.

आणि तोडायचं म्हणाल तर तोडायचं फार कमी असतं हो! पुढच्या पायाचा फरा तर हाडानं अंगाला जोडलेलाच नसतो, नुसत्या मांसावर असतो. पाय उचलून बगलेत बारकी सुरी फिरवली की अख्खा फरा हातात येतो, सत्तूर लागतच नाही. मला हे कळलं तेव्हा मी दोन्ही फरे काढून पोरांना बोलावून दाखवले. मागच्या मांडीला वाटीचा सांधा, पाय मागं वाकवला की वाटी उघडते, टोक आत घालून शीर कापली की सुटली. मग राहतं काय, पाठीचा कणा, बरगड्या, नळ्या आणि मुंडी, तिथं सत्तूर.

सत्तूर मारायचा नाही, पाडायचा. चाचांचं हेच वाक्य, सव्वा किलो आपण उचलायचा आणि त्याच्या वजनानं त्याला पडू द्यायचं, मूठ सैल, फक्त टेकायच्या क्षणाला आवळायची. डोक्यावर नेणारा माणूस नवखा. घाव एकच, कारण दुसरा घाव त्याच जागी कधीच पडत नाही, बाजूला पडतो, आणि मग हाडाची कणी सुटते, ती रश्श्यात एखाद्याच्या दाताखाली जाते. सत्तूर एका जागी पडत राहतो, सरकवायचं मटण. डावा हात लांबच्या टोकाला, आणि तुकडा हात लावून धरता येणार नाही एवढा बारका झाला की धरायचंच नाही, ठेवून द्यायचा, त्याच्यावर सत्तूर टेकवायचा आणि पाठीवर लाकडानं ठोकायचं. ओंडका चिंचेचा, आणि आडवा कापलेला, म्हणजे लाकडाच्या रेषा उभ्या, धार रेषांच्या मध्ये शिरते आणि लाकूड परत मिटतं. फळीवर तोडलं तर धार पण जाते आणि लाकडाचा भुस्सा पण मटणात.

काकांनी मध्येच कोयता आणून दिला, ह्यानं कर म्हणून. कोयता भारी वस्तू आहे, फांद्या, कडबा, ऊस, सगळं करतो, आम्ही मुंडीची शिंगं त्यानंच उडवतो. पण त्याला पुढं चोच असते, ओंडक्यावर मारला की चोच आधी लाकडात रुतते आणि मटण निम्मंच तुटतं.

सत्तावीस किलोच्या बकऱ्याचं मटण निघतं तेरा किलोच्या आसपास, निम्म्याला जरा कमीच. त्याचे दहा वाटे घालायचे होते. प्लास्टिकचा कागद पसरून दहा ढीग, आणि प्रत्येक ढिगात थोडं थोडं सगळं, फऱ्याचं, मांडीचं, चापाचं, काळजाचा तुकडा, एकेक नळी. इथं तुकडे एकसारखे का पाहिजेत ते कळतं. काकू आल्या, त्यांनी एक वाटा हातानं उलटापालटा केला, त्यातली एक फोड उचलून बघितली आणि म्हणल्या, ही कुणी तोडली, ह्यात तिघं जेवतील. ती माझी होती. परत ओंडक्यावर.

आता चार वर्षं झाली. सोलतो बऱ्यापैकी, गेल्या जत्रेत भोक एकच पडलं. पोट पण फोडतो, दोन बोटांत पातं धरून, श्वास रोखून. सत्तूर काम झालं की गरम पाण्यानं धुवून, चुलीजवळ वाळवून, खोबरेल लावून गोणपाटात ठेवतो, नाहीतर दोन दिवसांत तांबतो. बारा इंचीचं पातं चुलत भावानं मुठीतनं काढून टाकलं आणि होकायंत्र त्याच्या पोराकडं आहे, ते उत्तर बरोबर दाखवतं.

फक्त पित्ताची पिशवी अजून चाचा मला काढू देत नाहीत. ह्या वर्षी पण मी सुरी घेऊन पुढं झालो तर त्यांनी काळीज माझ्या हातातनं काढून घेतलं आणि म्हणले, "ऱ्हाऊ दे, त्ये मी बघतो. तू सत्तूर धू."